सुट्टीतली मासेमारी

तांडेलाच्या घरात जन्मलेल्या रफिकला बोट लागायची. जयगड खाडीच्या काठच्या त्या गावात एखाद्या पोराची याहून मोठी फजिती होऊ शकत नव्हती. तांडेल म्हणजे लाँचवरचा मुख्य माणूस, खलाशी ज्याच्या शब्दावर जाळं टाकतात आणि ओढतात तो. रफिकचे वडील शमसुद्दीन असे तांडेल होते. चौदा वर्षांच्या रफिकला त्यांनी एका मोसमात बरोबर घेतलं, तर पोरगा खाडीचं तोंड ओलांडायच्या आतच कठड्याला लटकून ओकायला लागला. दुसऱ्या फेरीला तेच, तिसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या वेळी शमसुद्दीननी अर्ध्यातून लाँच वळवली, बंदरावर पोराला हाताला धरून उतरवलं आणि तिथे उभ्या असलेल्या चारचौघांदेखत म्हणाले, "ह्याला दुकानात बसवा."

झालं. गावातली पोरं त्या दिवसापासून रफिकला 'दुकान' म्हणायला लागली. आणि खरोखरच तो मामाच्या किराणा दुकानात बसला, मॅट्रिक झाला, टायपिंग शिकला आणि बाविसाव्या वर्षी शारजाला आला. तिथे औद्योगिक भागात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं एक मोठं दुकान होतं. त्याच्या मागच्या स्टोअरमध्ये तो कामाला लागला आणि पुढे तिथलाच स्टोअरकीपर झाला. काम चांगलं होतं, मालक सभ्य होता. लग्न झालं, काही वर्षांनी कुबराला त्याने इकडे आणलं, अल कुसैसला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, हिबा झाली. कुणी विचारलं असतं तर त्याने सगळं ठीक आहे असंच सांगितलं असतं. पण रोज सकाळी शटर वर ढकलताना त्याच्या मनात तो शब्द एकदा तरी येऊन जायचा. दुकान.

मासेमारीचा नाद त्याला इथे लागला. मोहिद्दीन नावाचा त्याचा एक दोस्त होता, मूळचा रायगडकडचा. शारजातच त्याचं गॅरेज होतं, पार्ट घ्यायला रोजचं येणं-जाणं. एका शुक्रवारी तो रफिकला ममझरच्या समुद्राकाठच्या बंधाऱ्यावर घेऊन गेला आणि हातात गळाची काठी दिली. पायाखाली दगड होता, दगड हलत नव्हता, पोटात ढवळत नव्हतं. तासाभराने काठीला झटका बसला आणि एक वीतभर मासा वर आला. रफिक त्या माशाकडे बघतच राहिला. जमिनीवर उभं राहूनही मासे मारता येतात, हे त्याला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळत होतं!

मग काय विचारता. हिवाळ्यातला एक शुक्रवार त्याने सोडला नाही. रॉड आले, रिळं आली, बर्फाची पेटी आली, तंबू आला. खोरफक्कान झालं, दिब्बा झालं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून पार पश्चिमेला, सौदीच्या हद्दीजवळच्या सिलापर्यंत तो आणि मोहिद्दीन जाऊ लागले. एखादा मोठा हमूर मिळाला की तो दोन्ही हातांनी उचलून रफिक फोटो काढून घ्यायचा आणि गावाला जाणाऱ्या माणसाबरोबर बहिणीकडे, हमीदाकडे पाठवायचा. अब्बांना दाखव, असं बजावून. हमीदा दाखवायची. अब्बा बघायचे, चष्मा काढून ठेवायचे आणि विचारायचे, "तब्येत बरी आहे ना त्याची?" बस्स, तेवढंच.

आई वारल्यानंतर दोन वर्षांनी अब्बांनी लाँच विकली. ते हमीदाकडे राहत होते. रफिकने खटपट करून त्यांचा व्हिजा काढला आणि ते शारजाच्या विमानतळावर उतरले, तेव्हा रमजान अर्धा झाला होता. त्या वर्षी ईद ऐन जानेवारीत येत होती, आणि दुकान ईदेला पाच दिवस बंद राहणार होतं. अब्बांना इमिग्रेशनमधून बाहेर येताना पाहिलं त्याच क्षणी रफिकने ठरवून टाकलं. आधी लिव्याचं वाळवंट, तिथे एक मुक्काम. मग सिलाचा किनारा, तिथे दोन. अब्बा आपल्या डोळ्यांनी बघतील.

"सत्तरीचा माणूस आहे, थंडी केवढी असते तिकडे," कुबरा म्हणाली. "त्यांना इथेच काय हवं-नको विचारा की."

"त्यांना काय विचारायचं? आयुष्य दर्यावर गेलंय त्यांचं. पाण्याशिवाय जीव रमेल का त्यांचा?"

खरं तर अब्बांचा जीव उत्तम रमला होता. पहाटे सेहरी करायची, फज्रची नमाज पढायची आणि झोपायचं. दुपारी उठून नमाज, पुन्हा झोप. संध्याकाळी रोजा सोडल्यावर हिबाबरोबर खाली जाऊन लिफ्टने वर यायचं, हाच काय तो त्यांचा विहार. रफिक कामावरून आला की विचारायचा, "अब्बांनी काय केलं दिवसभर?" आणि कुबरा सांगायची, "झोपले." पन्नास वर्षं भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत उठणारा माणूस इथे येऊन नुसता झोपतो, हे रफिकच्या मनाला लागायचं. त्याला वाटायचं, कंटाळलेत ते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मोहिद्दीनने आपली जुनी फोर-व्हील गाडी तेलपाणी करून दिली होती. त्याने स्वतः येण्याचंही ठरवलं होतं, पण आयत्या वेळी त्याच्या घरी पाहुणे टपकले. तेव्हा गाडीत रफिक, शेजारी अब्बा, मागे कुबरा आणि दहा वर्षांची हिबा, आणि त्यांच्या अंगावर कोसळेल इतकं सामान. कुबराने एका मोठ्या डब्यात शिजवलेला खिमा घेतला होता.

"खिमा कशाला?" रफिकने विचारलं. "मासे खाणार आपण तिथे."

"असू दे," कुबरा म्हणाली. तिने वाद घातला नाही, याचाच त्याला जास्त राग आला.

वाटेत पेट्रोल भरताना त्याने गोठवलेल्या कोळंबीचं पाकीट घेतलं. अब्बांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"आज कोळंबी का?"

"खायला नाही, अब्बा. गळाला लावायला."

"कितीला?"

"सात दिरहम."

"म्हणजे ऐंशी रुपयांच्या वर." अब्बांनी पाकीट हळूच खाली ठेवलं. "चांगली कोळंबी आहे रे," एवढंच बोलले, आणि गाडी अबुधाबीच्या हमरस्त्याला लागली तसे सीटवर मान टाकून झोपले.

रफिकने मनाशी काय काय जुळवून ठेवलं होतं. इथे उंट दाखवायचे, इथे वाळूचा रंग कसा बदलतो ते दाखवायचं, इथे गाडी बाजूला घेऊन चहा प्यायचा. "अब्बा, हे बघा," तो म्हणायचा. अब्बा डोळे उघडायचे, "हां, हां," म्हणायचे आणि पुन्हा मिटायचे. तरीफवरून गाडी आत दक्षिणेला वळली, दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या उंच व्हायला लागल्या, पिवळ्याच्या नारिंगी झाल्या. एवढ्या वर्षांत रफिकला तो रस्ता बघून दरवेळी गलबलून यायचं. शेजारी अब्बा घोरत होते. मागे हिबा म्हणाली, "पपा, आर वी देअर येट?" आणि जरा वेळाने, "पपा, आय वॉन्ट टू व्हॉमिट."

तिला बाहेर काढून पाठ चोळता चोळता कुबरा म्हणाली, "बापाचंच पोट घेतलंय हिने." ती गंमतीने म्हणाली होती. रफिक हसला नाही.

लिव्याच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून थोडं आत, एका टेकडीच्या आडोशाला त्याने गाडी उभी केली. अब्बा उतरले. त्यांनी चहूकडे नजर फिरवली, हाताने डोळ्यांवर सावली धरून पुन्हा एकदा फिरवली.

"पाणी कुठाय?"

"इथे पाणी नाही, अब्बा. हे वाळवंट. पाण्यावर उद्या जायचं."

"मग आज इथे काय करायचं?"

"राहायचं. तंबू ठोकून. लोक लांबून लांबून येतात हे बघायला."

"अच्छा," अब्बा म्हणाले. त्या 'अच्छा'ने रफिकची पिकनिक अर्धी खलास झाली. तो तंबू ठोकायला लागला तर वारा सुटला. एक बाजू बांधली की दुसरी उडायची, खुंट्या वाळूत ठरेनात. मोहिद्दीन असायचा तेव्हा हे काम दहा मिनिटांत व्हायचं. कुबरा एक दोरी धरून उभी होती, तिच्या तोंडात वाळू गेली होती, आणि हिबा गाडीत बसून काच खाली करून सांगत होती, "पपा, इट्स फॉलिंग अगेन." सूर्य मावळेपर्यंत एकदाचा तो तंबू उभा राहिला, एका अंगाला कललेला. अब्बांनी नमाज पढली, खिमा-पाव चवीने खाल्ला आणि विचारलं, "मी गाडीत झोपू का? गाडी बरी आहे."

ज्यांच्यासाठी तंबू आणला ते गाडीत गेले. रफिक सकाळपर्यंत तंबूची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी ते परत तरीफला आले आणि किनाऱ्याच्या रस्त्याने पश्चिमेला निघाले. तो रस्ता फार लांबचा आणि फार एकसुरी. एका हाताला समुद्र असतो पण दिसत नाही, दुसऱ्या हाताला सपाट मुलूख, मध्ये सौदीकडे जाणारे ट्रक एकामागून एक. रुवैस मागे पडलं. दुपार कलायला लागली होती आणि रफिकला घाई झाली होती, कारण भरती गाठायची होती. तेवढ्यात त्याला ती वाट दिसली. चाकांच्या खुणा रस्ता सोडून सरळ समुद्राकडे गेल्या होत्या. मोहिद्दीन नेहमी पुढच्या फाट्यावरून जायचा, पण तो फेरा होता.

"इथून शॉर्टकट आहे," रफिक म्हणाला.

"पूर्वी गेलात का इथून?" कुबराने विचारलं.

"त्यात काय जायचंय? सपाट तर आहे."

सपाट होतंच. नको तितकं सपाट. त्याला सबखा म्हणतात. वरून पापडासारखी कडक, पांढुरकी मिठाची खपली, आणि तिच्याखाली चिखल. गाडी शंभरेक वार ऐटीत गेली आणि मग मागची चाकं एकदम बसली. रफिकने ॲक्सिलरेटर दाबला, तशी ती आणखी बसली. काळा, कुजका वास येणारा चिखल मागच्या काचेपर्यंत उडाला. तो खाली उतरला आणि घोट्यापर्यंत रुतला. त्या वासाने त्याला एकदम गाव आठवलं. खाडीकाठच्या खाजणातला हाच वास. लहानपणी त्या खाजणात किती गुरं अशी फसलेली पाहिली होती त्याने! आणि त्याने डोळे मिटून गाडी खाजणात घातली होती.

त्याने फावड्याने उकरलं, चाकांखाली गाडीतल्या चटया घातल्या, तंबूचं कापड घातलं. सगळं चिखलाने गिळलं. कुबरा बूट हातात घेऊन ढकलायला आली, ती पडली. हिबा रडायला लागली. अब्बा मात्र शांतपणे उतरले, एक कोरडी जागा बघून त्यांनी रुमाल अंथरला आणि त्यावर बसून राहिले. ते काही बोलले असते, ओरडले असते, एखादी शिवी हासडली असती तरी रफिकला बरं वाटलं असतं. पण ते नुसते बसले होते, बस चुकलेल्या माणसासारखे. दुसरी कधीतरी येईलच, असा त्यांचा चेहरा.

शेवटी रफिक चालत हमरस्त्यावर गेला आणि हात हलवत उभा राहिला. कितीतरी ट्रक धूळ उडवत निघून गेले. मग एक थांबला. वर एक दाढीवाला पठाण ड्रायव्हर होता. त्याने लांबून गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "फॅमिली है साथ में?"

"हां भाई."

"और उधर कैसे घुस गया?"

पठाणाने ट्रक कडेला घेतला, केबिनमधून लांबच लांब दोरखंड काढला, आणखी एका ट्रकवाल्याला थांबवून त्याचाही दोरखंड जोडला. "यल्ला, यल्ला!" करत एकदाची गाडी बाहेर आली तेव्हा सूर्य खाली टेकला होता. पठाणाने पैसे घेतले नाहीत. अब्बांच्या हातात हात घालून तो म्हणाला, "चाचा, बेटे को समझाओ, कच्चे में नहीं जाने का." अब्बांनी मान हलवली. ते सिलाच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा ओहोटी लागली होती आणि समुद्र लांब मागे सरकला होता. समोर सगळा चिखल. तंबूचं कापड चिखलाने माखलेलं, म्हणून सगळेच गाडीत बसल्या बसल्या झोपले. खिमा कामाला आला, पण कुबरा तेव्हाही काही म्हणाली नाही.

सकाळ मात्र फार सुंदर उगवली. वारा पडला होता, पाणी भरत आलं होतं, आणि उथळ पाण्यात गुलाबी पायांचे पक्षी ओळीने उभे होते. रफिकला वाटलं, चला, अजून काही बिघडलेलं नाही. हा एक दिवस आहे ना? त्याने घडीची खुर्ची उघडली, अब्बांना आपलं जाकीट घालून तीत बसवलं, आणि आपला सगळ्यात चांगला रॉड, जो त्याने मोहिद्दीनलाही कधी हात लावू दिला नव्हता, तो गळ टाकून त्यांच्या हातात दिला.

अब्बांनी तो दोन्ही हातांनी धरला, एखाद्याचं सामान धरावं तसा.

"हे धरून काय करायचं?"

"मासा लागायची वाट बघायची."

"किती वेळ?"

"लागेपर्यंत."

"आणि नाही लागला तर?"

"तरी मजा येते, अब्बा."

अब्बांनी मान वळवून मुलाकडे नीट पाहिलं. "मासा नाही मिळाला तरी?"

"हो."

"मला गळाने गरवता येत नाही, रफिक. मी जाळ्याचा माणूस. गरीवर एकेक मासा पोरं धरतात, धक्क्यावर बसून."

"येतं सगळं. नुसता धरून बसा."

रफिक थोडा पुढे, गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. मागे कुबराने चहाचं आधण ठेवलं होतं. ऊन पाठीला लागत होतं. आता त्याला खरंच बरं वाटायला लागलं. त्याने ठरवलं होतं की पहिला मासा अब्बांनाच लागला पाहिजे, म्हणून स्वतःच्या गळाला त्याने आमिषच लावलं नव्हतं. तो नुसता उभा होता. आणि मग मागून खडखड असा आवाज आला.

त्याने वळून पाहिलं तर अब्बा खुर्चीत झोपलेले, हनुवटी छातीवर टेकलेली. मांडीवर आडवा ठेवलेला रॉड वाळूवर घसरत, दगडांना आपटत, पाण्याकडे निघाला होता. मासा लागला होता, आणि लहान नव्हता. "अब्बा!" रफिक ओरडला आणि धावला. पाण्यात धावता येत नाही, तरी तो धावला. रॉडचं टोक त्याच्या बोटांना लागून निसटलं. तो त्याच्या मागे पाण्यात शिरला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. एकदा त्याला पाण्याखाली रीळ चमकलेलं दिसलं. मग काहीच दिसलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यातून पाणी गळत होतं. अब्बा जागे झाले होते.

"काय झालं?"

"काय झालं?" रफिक म्हणाला, आणि मग त्याला आवरेना. वडिलांसमोर त्याने आयुष्यात आवाज चढवला नव्हता. "तीन दिवस झोपताय तुम्ही! वाळू बघितली नाहीत, रस्ता बघितला नाहीत, काही काही बघितलं नाहीत. तुमच्यासाठी केलं हे सगळं! एक मासा, एक मासा माझ्यासमोर धरायचा होता. तेवढं पण जमलं नाही?"

"अहो," कुबरा म्हणाली.

"तू गप्प बस. यांना बोलू दे. बोला ना, अब्बा. चारचौघांत बोलायला येतं ना तुम्हाला? ह्याला दुकानात बसवा म्हणून सांगितलंत तेव्हा आलं होतं बोलायला."

अब्बा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना ते आठवायला थोडा वेळ लागला, हे रफिकला दिसलं, आणि ते त्याला सगळ्यात जास्त झोंबलं. पंचवीस वर्षं जे वाक्य तो रोज उराशी घेऊन फिरत होता ते बोलणाऱ्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

"हां," अब्बा शेवटी म्हणाले. "म्हटलं होतं."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोरच म्हणायला पाहिजे होतं. नाहीतर तुझ्या चुलत्यांनी तुला पुढच्या फेरीला पुन्हा चढवलं असतं. ते म्हणत होते, दोन मोसम ओकेल आणि मग सरावेल. मी पण तसाच सरावलो होतो." त्यांनी ओलं वाळूचं ढेकूळ चपलेने बाजूला सारलं. "मला वाटलं, हा सुटतोय तर सुटू दे."

"सुटतोय?"

"दर्या काय आवडीची गोष्ट आहे, रफिक? दोन भाऊ गेले माझे त्यात. मी गेलो पन्नास वर्षं, कारण दुसरं काही येत नव्हतं. लाँच विकली त्या दिवशी घरी येऊन जो झोपलो..." ते थांबले. "तू फोटो पाठवायचास माशांचे. मी हमीदाला म्हणायचो, याला पगार पुरत नाही की काय? दुकान सोडून मासे मारतोय."

मागे चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"मग हे तेव्हाच सांगितलं का नाहीत मला?" रफिकने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता पण राग गेला नव्हता, उलट आता त्याला कुठे जायचं तेच कळेनासं झालं होतं. "चौदा वर्षांचा होतो मी. सगळं गाव हसत होतं."

"सांगायचं काय त्यात?" अब्बा म्हणाले. ते खरोखरच विचारत होते. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुला आवडतं का हे?"

रफिक हो म्हणणार होता. त्याने हात नाकाशी नेले. त्याच्या हातांना कोळंबीचा वास येत होता, तो वास त्याला कधीही आवडला नव्हता. दर शुक्रवारी घरी गेल्यावर तो तीन-तीनदा लिंबाने हात घासायचा. थंडगार बुळबुळीत मासा गळावरून सोडवताना तो अजूनही दुसरीकडे बघायचा, आणि मोहिद्दीन त्यावरून त्याची चेष्टा करायचा. "माहीत नाही," तो म्हणाला.

हिबा गाडीतून उतरून त्यांच्याजवळ आली होती. "दादाजान, कॅन वी गो होम नाऊ?" तिने आजोबांना विचारलं. अब्बांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो, हो."

ते एक मुक्काम आधीच परत निघाले. वाटेत रफिक पुन्हा पुन्हा मनातल्या मनात भांडण उकरत होता. अब्बांना काय काय ऐकवायला हवं होतं, ते आता एकेक सुचत होतं. पण शेजारी अब्बा झोपले होते, आणि झोपलेल्या माणसाशी कसं भांडणार? रागावण्यासारखी गोष्ट त्यांनी केली होती की नव्हती, हेच आता ठरत नव्हतं. पंचवीस वर्षांचा राग, आणि तो ठेवायला जागा नाही. त्याने दोनदा उगाचच हॉर्न वाजवला.

फेब्रुवारीत अब्बा गावी परतले. पंधरा दिवसांनी हमीदाचा फोन आला. रफिकने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अब्बा काय सांगतात इकडचं?"

"सगळ्या गावाला सांगत सुटलेत," हमीदा म्हणाली. "म्हणतात, रफिकने मला गाडीत निजवून तीन दिवस मुलूखभर फिरवलं. रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही. आयुष्यात असा झोपलो नव्हतो म्हणे."

"आणि मासेमारीचं?"

"कसली मासेमारी?" हमीदाने विचारलं. "तुम्ही मासे मारायला गेला होतात?"

रफिकने फोन ठेवला. मग हसायला आलं तसा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

त्या हिवाळ्यात तो पुन्हा गळ घेऊन गेला नाही. उरलेले रॉड आणि बर्फाची पेटी त्याने मोहिद्दीनच्या गॅरेजमध्ये नेऊन दिली. "वेड लागलं का तुला?" मोहिद्दीन म्हणाला, "एक रॉड गेला म्हणून?" रफिकने त्याला समजावून सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर अब्बांचं म्हणणं बरोबर होतं असं कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढं मोठं मन त्याच्याकडे अजून नव्हतं. शुक्रवार मोकळे पडले. तो घरात येरझारा घालायचा, कुबराच्या स्वयंपाकात लुडबूड करायचा, हिबाच्या टीव्हीचा आवाज कमी करायचा. तीन शुक्रवार सहन करून कुबरा म्हणाली, "कुठेही जा, पण घराबाहेर जा. नाहीतर आम्हालाच घेऊन चला कुठेतरी."

तेव्हा त्याने पुन्हा मोहिद्दीनची गाडी मागून घेतली. या वेळी डांबरी रस्ता अजिबात सोडायचा नाही असं कुबराने वदवून घेतलं. अल ऐनच्या वाटेवर एका वाळूच्या टेकडीपाशी, रस्त्याच्या कडेलाच, त्याने चटई टाकली. हिबाने विचारलं, "पपा, सो व्हॉट आर वी डूइंग हिअर?"

"काही नाही," रफिक म्हणाला.

"लाइक, नथिंग?"

"नथिंग."

तो चटईवर आडवा झाला, पाच मिनिटांत उठून बसला, गाडीचे टायर बघून आला, पुन्हा आडवा झाला. हातांना काही काम नव्हतं, आणि ते कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. कुबरा शेंगा सोलत होती. तिने मूठभर शेंगा त्याच्यापुढे सारल्या. काही न करता बसणं जमायला त्याला आणखी तीन हिवाळे लागले.